झाडीतच उभा राहिला माणूस

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना पायाखाली बघावं. पावसानं मऊ झालेल्या मातीत धानाच्या बांधीकडे गेलेल्या बायांची पावलं उमटलेली असतात. टाच खोल रुतलेली. मधे, पावलाच्या आतल्या अंगाला, माती जवळजवळ कोरीच, कारण तिथं कमान उचललेली असते. बाहेरच्या कडेनं वजन पुढे सरकलेलं दिसतं आणि शेवटी अंगठ्यानं माती मागं लोटलेली. अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत, पुढे तोंड करून. त्याच धुऱ्यावरून सकाळी वानरांची टोळी गेली असेल, तर त्यांच्या मागच्या पायाचा ठसाही सापडतो. त्यात अंगठा बाजूला फाकलेला असतो, जणू पायाच्या जागी हातच टेकवला आहे.

टांझानियात लेटोली इथं असेच ठसे आहेत. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस झाला आणि त्या ओल्या राखेवरून कोणीतरी चालत गेलं. राख सिमेंटसारखी घट्ट झाली, वर आणखी राख साचत गेली. १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकानं तो थर उघडा केला. सुमारे सत्तावीस मीटरच्या पट्ट्यात सत्तरेक पावलं, वय छत्तीस लाख वर्षांहून जास्त. टाच खोल, अंगठा रांगेत. ज्यांची ही पावलं, त्यांचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. त्या थरात दगडाचं एकही हत्यार मिळालेलं नाही. चालणं मात्र आपल्या वळणाचं.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला आले होते. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठं लिहिलेलं नाही, कोणी सांगितलेलंही नाही, तेव्हा डार्विनचा सिद्धांत चूक आहे आणि अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे, असं ते म्हणाले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. वानराचा माणूस झाला असं उत्क्रांतिशास्त्र कधीच म्हणत नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, तिथून साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोन वाटा फुटल्या. वानरांची वाट त्याच्याही फार आधी वेगळी झाली. आणि पाहिल्याचा पुरावा हवा असेल, तर लेटोलीची राख आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूची. उत्क्रांती मानणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यातही एक चित्र पक्कं बसलेलं आहे. ओणवा वानर, मग थोडा सरळ, मग भाला घेतलेला, मग ताठ उभा माणूस. एका ओळीत, डावीकडून उजवीकडे. १९६५ साली टाइम-लाइफच्या एका पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकारानं ही मिरवणूक रंगवली आणि ती जगभरच्या शाळांच्या भिंतींवर जाऊन बसली. आमच्या वर्गातही तसाच तक्ता होता. त्याखाली आम्ही पाठ केलं ते असं: जंगलं आटली, गवताळ मैदानं पसरली, पूर्वज झाडावरून खाली उतरले, मैदानावर उभे राहिले, हात मोकळे झाले, हत्यारं आली, मेंदू वाढला आणि माणूस झाला. म्हणजे झाडं मागं टाकली, तेव्हा कुठं माणूसपण सुरू झालं.

मी भंडाऱ्याचा. आमच्या मुलखाचं नावच झाडीपट्टी, बोली झाडी. पुढं शिकायला शहरात गेलो, तेव्हा होस्टेलवर एका मुलानं मला सहज विचारलं, "झाडीतून केव्हा उतरला रे?" सगळे हसले, मीही हसलो. त्या प्रश्नामागं तोच तक्ता होता, हे मला फार उशिरा उमगलं. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की तो तक्ता खोटा आहे. माणूस झाडीतून बाहेर पडून उभा राहिला नाही. तो झाडीतच उभा राहिला.

आपण काय शोधायला निघालो, यावर काय सापडतं ते किती ठरतं, हे या शास्त्राच्या इतिहासात वारंवार दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या पंडितांची खात्री होती की आधी मेंदू मोठा झाला असणार, बाकीचं शरीर मागून आलं असणार. १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाउनला नेमकं तेच सापडलं: माणसाची मोठी कवटी आणि एपचा जबडा. १९५३ मध्ये सिद्ध झालं की ती शुद्ध लबाडी होती, ओरांगउटानच्या जबड्याचे दात कानशीनं घासून बसवलेले होते. या चाळीस वर्षांत खरा पुरावा दारात उभा होता. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत ताउंग इथं एका बालकाची कवटी मिळाली. मेंदू लहान, पण मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते छिद्र कवटीच्या मागं नसून बरंचसं तळाशी होतं. म्हणजे डोकं कण्यावर तोललेलं, म्हणजे हे बाळ दोन पायांवर चालणाऱ्यांचं. रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये हे मांडलं, तर बड्या शास्त्रज्ञांनी ते बराच काळ झिडकारलं. पाय आधी आणि मेंदू मागून, हे त्यांना मानवत नव्हतं. १९७४ साली इथिओपियात हदरला लूसी सापडली, बत्तीस लाख वर्षांपूर्वीची, जेमतेम साडेतीन फुटांची. मग वाद मिटला. लूसीचं श्रोणीचं हाड आणि मांडीचा गुडघ्याकडं आत कललेला कोन बघितला की ती चालत होती याबद्दल शंका उरत नाही. मोठ्या मेंदूला अजून दहा-बारा लाख वर्षं अवकाश होता.

याच लूसीच्या मोहिमेत पुरातत्त्वज्ञ गुडरून कॉर्विनस होत्या. त्याआधी १९६०च्या दशकात त्यांनी नेवाशाजवळ, प्रवराकाठच्या चिरकीला उत्खनन करून अश्मयुगीन हातकुऱ्हाडी बाहेर काढल्या होत्या. आपल्याकडं नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, पण मला तिथं गेलं की या बाईही आठवतात.

पिल्टडाउनसारखी चूक फक्त इंग्रजांनी केली असं नाही. शिवालिकच्या डोंगरात एक जबडा सापडला, १९३०च्या दशकात त्याला 'रामापिथेकस' असं नाव मिळालं. साठीच्या दशकात दोन नामांकित शास्त्रज्ञांनी नुसत्या जबड्याच्या आणि दातांच्या तुकड्यांवरून हा मानवाचा पहिला पूर्वज असल्याचं जाहीर केलं. तो दोन पायांवर चालत असावा, असंही बोललं जाऊ लागलं. पायाचं एक हाड हाती नसताना. १९८०च्या सुमारास पाकिस्तानात त्याच कुळातला पुरेसा चेहरा मिळाला आणि कळलं की हा तर ओरांगउटानच्या गोतावळ्यातला. पण आपल्या शालेय पुस्तकांतून रामापिथेकस त्यानंतरही कित्येक वर्षं हलला नाही. नाव रामाचं आणि भूमी आपली, मग सोडवत नाही. मला वाटतं, आपण हा मोह सोडला पाहिजे. उभं राहण्याचा आरंभ आफ्रिकेत झाला. आपल्या जवळचं सर्वांत जुनं मानवी हाड सातपुड्यापलीकडं, नर्मदाकाठी हथनोऱ्याला मिळालं, डिसेंबर १९८२ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना. ते कवटीचं छत आहे, काही लाख वर्षांपूर्वीचं. तोवर माणसाचं चालणं जुनं झालेलं होतं. आमची वैनगंगाही त्याच सातपुड्यात उगम पावते, पण भंडाऱ्याच्या जमिनीखालचे साकोली-सौसरचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. हाडं जपून ठेवणारे गाळाचे जाड थर आमच्या वाट्याला तसे आलेच नाहीत.

आता गवताळ मैदानाच्या कथेकडं. फ्रेंच शास्त्रज्ञ इव्ह कोपाँ यांनी १९८०च्या दशकात ती फार सुबक करून सांगितली. पूर्व आफ्रिकेतली मोठी खचदरी तयार झाली, तिच्या पश्चिमेला पाऊस आणि जंगल राहिलं, तिथं चिंपांझी झाले. पूर्वेला रखरखीत मैदान झालं, तिथं आपण. ऐकायला इतकं पटतं की पुरावा मागावासाच वाटत नाही. पुढं १९९५ मध्ये खचदरीच्या पश्चिमेला अडीच हजार किलोमीटरवर, चाडमध्ये, ऑस्ट्रेलोपिथेकसचा, म्हणजे लूसीच्याच कुळातला, जबडा मिळाला. २००१ मध्ये त्याच चाडमध्ये सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीची, मानवकुळातली मानली जाणारी 'तूमाई' ही कवटी मिळाली. कोपाँ यांनीच पुढं आपली मांडणी मागं घेतली. २००९ साली इथिओपियातल्या 'आर्डी'चं वर्णन प्रसिद्ध झालं, चव्वेचाळीस लाख वर्षांपूर्वीची मादी. तिची श्रोणी उभ्या चालीला साजेशी बदललेली, आणि पायाचा अंगठा मात्र फाकलेला, फांदी पकडणारा. तिच्या सोबतच्या थरांत माकडांची, झाडपाला खाणाऱ्या हरणांची हाडं, झाडांचे अवशेष. एकाच देहात जमिनीवरची चाल आणि झाडावरची पकड. तक्त्यात असा प्राणी बसतच नाही.

जिवंत प्राण्यांकडं बघितलं तर कोडं आणखी उलगडतं. सुमात्रातल्या ओरांगउटानांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते बारीक, लवचीक फांद्यांवर गेले की दोन पायांवर उभे राहतात, गुडघे आणि खुबे सरळ करून, आणि हातांनी वरची फांदी धरतात. का, तर वजन विभागलं जातं आणि टोकाच्या फळापर्यंत हात पोचतो. टांझानियातल्या इस्सा खोऱ्यातले चिंपांझी विरळ झाडी आणि गवत अशा मिश्र प्रदेशात राहतात. गवताळ मैदानाची कथा खरी असती तर ते जमिनीवर जास्त उभे राहायला हवे होते. २०२२ सालच्या अभ्यासात आढळलं की त्यांच्या दोन पायांवर उभं राहण्याच्या प्रसंगांपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक प्रसंग झाडावरचे होते.

इथं एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. प्राचीन मातीतल्या कार्बनच्या पृथक्करणावरून काही संशोधक म्हणतात की त्या पूर्वजांचा परिसर गर्द जंगलाचा नव्हता, झाडांचं छत निम्म्याहूनही कमी जागेवर होतं. आर्डीच्या जागेबद्दलही हा वाद झाला. मला हा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही. जंगल किंवा मैदान अशी फाळणी नकाशावर असते. आमच्या भागात येऊन पाहा. इथं बांधी आहे, बांधीच्या धुऱ्यावर मोह आणि पळस आहे, पुढं तलाव, तलावामागं गवताचा पड, मग विरळ झुडपी आणि मग कोक्याचं अभयारण्य. याला कोणी जंगल म्हणेल, कोणी शेत. आम्ही झाडी म्हणतो. असल्या तुकड्या-तुकड्यांच्या मुलखात एका झाडाची फळं संपली की पुढच्या झाडापर्यंत जमिनीवरून जावं लागतं, आणि तिथं पोचल्यावर पुन्हा चढावं लागतं. आर्डीचं शरीर नेमकं त्या कामाचं होतं.

मग जमिनीवर चालताना ती चार पायांवर का उतरली नाही? याचं एकच उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण मला दोन कारणं सर्वांत वजनदार वाटतात. पहिलं, खर्च. २००७ मध्ये माणसं आणि चिंपांझी यांना ट्रेडमिलवर चालवून मोजमाप झालं. तेवढंच अंतर चालायला माणसाला चिंपांझीच्या चौथ्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. दुसरं, वाहून नेणं. पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींसमोर संशोधकांनी त्यांना दुर्मीळ असलेल्या कवचाच्या बिया ठेवल्या, तेव्हा ते एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दोन पायांवर चालू लागले, कारण हात भरलेले होते. जे परत मिळेल की नाही याची खात्री नाही, ते जितकं उचलता येईल तितकं उचलून न्यायचं.

हे वाचलं तेव्हा मला मोहफुलांचे दिवस आठवले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर गळतात. पहाटे अंधारातच माणसं झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि अस्वलंही त्याच वासावर येतात. अस्वलही मागच्या दोन पायांवर उभं राहतं, पण चालायचं असलं की चारावर येतं, टोपली त्याला उचलता येत नाही. बाया ओणव्या होऊन वेचतात आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन सरळ चालत घरी येतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा पुडा बांधायचा, पुडे डोक्यावरून संकलनाच्या फळीवर न्यायचे. लाकडाची मोळी डोक्यावर, धानाचा भारा डोक्यावर, खांद्यावर कावड. आफ्रिकेतल्या बायांवर १९८६ साली झालेल्या एका मोजणीत दिसलं की शरीराच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं वजन त्या डोक्यावरून नेतात, तेव्हा त्यांना जादा ऊर्जा जवळजवळ लागतच नाही. चुंबळ ठेवून तोल धरलेल्या त्या मानेत आणि कण्यात किती लाख वर्षांची घडण आहे! आमच्या जिल्ह्यातले मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, आजही धान पिकवणारे. त्यांच्या पाळीतली प्रत्येक टोपली माती कोणाच्या तरी डोक्यावरून तिथं आली आहे.

उभं राहण्याची किंमतही आहे आणि ती कोण मोजतं हे बघितलं पाहिजे. चौपायाचा कणा पुलासारखा आडवा असतो. तो उभा केला की सगळं वजन कमरेच्या चार-पाच मणक्यांवर येतं. म्हणून आपला कणा सरळ नाही, तो नागमोडी आहे. कमरेशी आत वळतो, पाठीशी बाहेर. आपण 'मोडेन पण वाकणार नाही' असं अभिमानानं म्हणतो, पण कण्याच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. तो वाकतो म्हणूनच मोडत नाही. २००७ च्या एका शोधनिबंधात दाखवलं आहे की कमरेचा आतला बाक पुरुषांत दोन मणक्यांवर पसरलेला असतो आणि बायांत तीन मणक्यांवर. पोटातलं मूल पुढं वाढत गेलं तरी मागं रेलून तोल राखता यावा यासाठी. वीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसमध्येही हा फरक दिसतो. दोन पायांवर चालण्याचा सर्वांत अवघड हिशेब आईच्या कमरेत सोडवला गेला आहे.

आणि ती कंबर आषाढ-श्रावणात दिवसभर बांधीत ओणवी असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं दोन-चार रोपं चिखलात खोचायची, एक पाऊल मागं. गुडघे जवळजवळ ताठ, वाक सगळा खुब्यातून. दहा जणींची रांग एका चालीनं मागं सरकते. अधूनमधून एखादी उठते, कमरेवर मुठी टेकवते, मागं रेलते, "कंबर गेली वो माय" म्हणते आणि पुन्हा वाकते. माझी आई तीसहून अधिक वर्षं रोवणीला गेली. म्हातारपणी तिला सरळ उभं राहता येईना, ती काठी टेकून अर्धी वाकूनच चालायची. त्या तक्त्याप्रमाणं तिला कुठं उभं करायचं? डावीकडून तिसरी?

हा प्रश्न मी रागानं विचारतो, कारण त्या तक्त्यानं माणसांची खरोखर प्रतवारी केली आहे. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात. माहितीचा तो खजिना आहे, मी तो आजही उघडतो, पण त्यात जंगलातली माणसं म्हणजे मागं राहून गेलेली माणसं, हा त्या काळचा समज पानोपानी मुरलेला आहे. स्वतंत्र भारतानं १९७५ मध्ये काही जमातींना 'आदिम' म्हणून वेगळं काढलं. २००६ साली इंग्रजी नावातला हा शब्द केंद्रानं बदलला, 'विशेष असुरक्षित' असं म्हटलं. सरकारी मराठीत मात्र कातकरी, कोलाम, माडिया गोंड आजही आदिम जमातीच आहेत. आदिम कशाच्या तुलनेत? माडिया बाईच्या पावलात आणि माझ्या पावलात एकच सत्तर लाख वर्षं आहेत. ती कोणाच्याही आधीची पायरी नाही. मोह वेचणं ही शेतीच्या आधीची अवस्था नाही, ती या वर्षीची कमाई आहे, जिच्यातून मुलाच्या वह्या येतात. झाडी सोडणं म्हणजे प्रगती, हे एकदा मनात बसलं की झाडी तोडणंही प्रगतीच वाटू लागतं, आणि झाडीत राहू पाहणारा माणूस विकासाच्या वाटेतला अडथळा ठरतो. हे मी माझ्या जिल्ह्यात होताना पाहिलं आहे.

म्हणून शिक्षकांना मी सांगत असतो की तो तक्ता भिंतीवरून काढा आणि मुलांना पावसाळ्यात धुऱ्यावर घेऊन जा. आपलं पाऊल, वानराचं पाऊल, बैलाचा खूर, बगळ्याचा पंजा, सगळे शेजारी-शेजारी असतात. कोणाच्याही पुढं कोणी नाही.

रोवणीच्या जागी मोहाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असते. पोरीला दूध पाजायला आई चिखलाच्या हातांनी येते, हात तलावात धुते, झोळीतून पोर काढते. गेल्या वर्षी अशाच एका दोन महिन्यांच्या पोरीच्या तळपायाला, बोटांच्या अगदी मुळाशी, मी बोट लावलं. पाचही बोटं आत वळली आणि माझ्या बोटाला घट्ट मिटली. प्रत्येक बाळात हे असतं. पहिल्या वर्षाच्या आसपास, पोर उभं राहायला लागतं तेव्हा, ते आपोआप सुटतं. "काय बघता जी?" आईनं विचारलं. मी तिला तेच करून बघायला सांगितलं. तिनं लुगड्याला बोट पुसलं, पोरीच्या तळव्याला लावलं, आणि पोरीनं ते धरलं.